जीवराम नानांचा डोंबारी

कपाशीच्या ओळीत वाकलेले जीवराम नाना लांबून दिसायचे ते फक्त पाठीएवढे. त्या पाठीमागे, बांधालगतच्या पडीत तुकड्यावर, आभाळात कुठेतरी एक बारीक शीळ वाजायची आणि नाना मान वर न करता, हातातलं खुरपं न थांबवता म्हणायचे, "उना." म्हणजे आला. शेजारच्या ओळीत निंदणाऱ्या बाया पदराआड हसायच्या. कोण आला हे विचारायची मात्र कुणाची टाप नव्हती, कारण विचारलं की नाना सांगत बसायचे, आणि नाना सांगत बसले की निंदणी तिथेच राहायची.

आता नाना म्हणजे कुणी पक्ष्यांचे पंडित नव्हेत. दोंडाईच्याच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभी हयात काढली. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं दुरुस्त करायची, त्यांच्या चामड्याच्या रोलरांना खाचा पाडायच्या, सुटलेले पट्टे चढवायचे. आत इतका दणदणाट असे, की माणसाच्या तोंडाला तिथे काही कामच नसे. पाणी हवं तर अंगठा ओठांकडे, पट्टा सुटला तर दोन्ही हात गरागरा, आणि मालक आला तर मिशीवर बोट. अशा जागी दिवस काढून नाना घरी आले, की बायकोकडे, वच्छलाबाईंकडे, चहा मागत तो अशा आवाजात, की शेजारच्या घरात आधण ठेवलं जाई. गावात त्यांना तापट समजत. तापट ते थोडेफार होतेही, पण आवाज चढलेला असे तो जिनिंगमुळे.

डोंबारी त्यांना भेटला तो याच जिनिंगच्या मागे. दुपारच्या सुट्टीत बाकीचे गडी सरकीच्या ढिगाला टेकून डुलक्या काढत. नाना डबा घेऊन कंपाउंडच्या मागल्या मुरमाड मैदानात जाऊन बसत. कानांना जरा विसावा, एवढाच हेतू. थंडी सरत आली होती. एक इवलासा पक्षी ढेकळावरून उठला, पंख थरथरवत सरळ वर चढला, चढतच गेला, आणि वर पोचल्यावर पंख मिटून धोंड्यासारखा खाली सुटला. आता हा आपटतो म्हणून नानांनी हातातली भाकरी खाली ठेवली. तो आपटला नाही. अधल्यामधल्या उंचीवर झोकात वळला, पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि खाली सुटताना दर वेळी एक लांब, बारीक शीळ. दिवसभराच्या धडधडीनंतर ती शीळ नानांच्या कानाला अशी काही लागली, की भाकरी मुंग्यांनी नेली तरी त्यांना पत्ता नव्हता.

हा कोण, म्हणून त्यांनी सगळ्यांना विचारलं. गडी म्हणाले, चिडी शे, म्हणजे चिमणी आहे. मुकादम म्हणाला, चिडी शे. आमच्याकडे जे बारीक आणि मातकट, ते सगळं चिडी, त्यात फार कुणी डोकं घालत नाही. नानांना ते पटेना. चिमणी तारेवर बसते, वळचणीला बसते. हा फांदीला शिवतसुद्धा नाही, बसेल तर ढेकळावर. चिमणी टुणटुण उड्या मारत चालते. हा पावलं टाकत पळतो. डोकं राखेच्या रंगाचं, गाल पांढुरके आणि हनुवटीपासून पोटापर्यंत काळाकुट्ट, जणू शाईत बसून उठलाय. जवळ गेलं तर उडत नाही, मातीला चिकटून बसतो, आणि पाठीचा रंग असा, की नजर हलली की हरवलाच. हे सगळं नानांनी एका दिवसात नाही पाहिलं. कित्येक हंगाम गेले. पण पाहिलं ते स्वतःच्या डोळ्यांनी, कुणी न शिकवता, आणि त्याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे.

एका ठिकाणी मात्र ते सपशेल फसले. या काळ्या पोटाच्या पक्ष्याबरोबर कायम एक साधी, मातकट चिमणी असे. ढेकळाच्या आडोशाला, जमिनीतल्या खळग्यात दोघांनी घर केलं. काठाने बारीक खडे मांडलेले, आत गवताच्या काड्या, त्यावर ठिपक्याठिपक्यांची अंडी. कधी हा बसे, कधी ती. नानांनी जिनिंगभर बातमी केली, की आपल्या मैदानात एका पक्ष्यानं चिमणी पळवून आणली आहे, आणि संसार मात्र झकास चाललाय. गडी दुपारी मुद्दाम नवरा-नवरी पाहायला येऊ लागले. मुकादमानं तर पोरं कुणासारखी निघतात यावर चहाची पैज लावली.

पुढे काही वर्षांनी त्यांची पुतणी दिपमाला धुळ्याला कॉलेजात शिकायला गेली आणि सुट्टीत येताना तिथल्या लायब्ररीतलं पक्ष्यांचं पुस्तक घेऊन आली. चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "नाना, हाई चिडी नही, हाई तेनीच बायको. नर काळा, मादी मातकट." नानांनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं. इतकी वर्षं रंगवलेला पळून जाऊन केलेला संसार एका चित्रानं मोडला होता. मग तिनं नाव वाचून दाखवलं, डोंबारी. दोरीवर कसरती करणारा तो डोंबारी. हे ऐकल्यावर नानांचा चेहरा असा फुलला, की जणू बारशाला त्यांनीच नाव ठेवलं होतं.

जिनिंगचं काम सुटल्यावर नाना पूर्णवेळ शेतात आले. त्यांचं आणि धाकट्या भावाचं, सुपडूचं, शेत एकाच बांधाला लागून. बांधालगत मुरमाचा एक पट्टा आहे, तिथे पेरलं तरी फारसं काही येत नाही. नानांनी सुपडूला गळ घालून तो पट्टा नांगराविना सोडायला लावला. सुपडू घाईचा माणूस, हाताला काम नसेल तर बेचैन होणारा, पण थोरल्या भावाचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. पट्टा पडीत राहिला आणि डोंबारी तिथे आले. होळीच्या आधीपासून ती शीळ सुरू होई, आणि नाना कपाशीत असोत की बाजरीत, पाठमोरे म्हणत, "उना." वर बघायची त्यांना गरजच उरली नव्हती. इतकी वर्षं यंत्रांनी झोडपलेले कान, आणि त्यांनी जपावा तो शेतातला सगळ्यांत बारीक आवाज! याचं अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

गेल्या पावसाळ्यात निंदणीला माणसं मिळेनात म्हणून सुपडूनं पाठीवर पंप घेतला आणि बांधावर तणनाशक मारलं. वाऱ्यानं थोडं पडीत पट्ट्यावरही गेलं. गवत पिवळं पडलं. नाना कुरकुरले आणि कामाला लागले. मग थंडी गेली, होळी आली, होळी गेली. शीळ वाजली नाही. नाना रोज वाट पाहत. काम करता करता मध्येच थांबत, कान देत, आणि पुन्हा वाकत. चैत्र सरला तरी आवाज नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळं कुटुंब सुपडूच्या घरी जमलं. निंबाला झोके बांधलेले, पानात सांजोऱ्या वाढलेल्या, आणि नानांनी हात न लावता, सगळ्यांदेखत, त्यांच्या त्या जिनिंगच्या आवाजात सांगून टाकलं, "सुपडू, तू मन्हा डोंबारी मारी टाका."

सुपडू चरकला. "नाना, पक्षी शेतस तठे. मी रोज दखस."

"शेतस तर बोलत का नहीत?"

पक्षी का बोलतात किंवा का बोलत नाहीत, याचा त्या बिचाऱ्यानं कधी विचारच केला नव्हता. पण नानांना वाटलं, गप्प बसला म्हणजे गुन्हा कबूल. ते पानावरून उठले, आणि उठता उठता जे बोलले ते फार मोठं होतं, "यंदाना कानबाईना रोटमा मन्ही मूठ नही."

खानदेशाबाहेरच्या माणसाला याचं वजन कळणार नाही. श्रावणात कानबाई देवी घरात बसते तेव्हा भाऊबंद असतील तिथून गावी येतात. रोटांसाठीचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठीचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषानं आपल्या मुठीनं सुपात घालायचे, सुरुवात थोरल्यानं करायची. त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. ज्याची मूठ सुपात नाही, तो त्या घरचा नाही. यंदा कानबाई सुपडूकडे होती, आणि थोरला भाऊ म्हणत होता की माझी मूठ नाही. म्हणजे दोन घरांचा संबंध संपला, इतकं सरळ.

त्यानंतर नानांनी बांधाकडे पाठ फिरवली. शेताच्या दुसऱ्या टोकाला काम काढायचे, घरी जायचे. वच्छलाबाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. "पाखरूसाठे भाऊ सोडतस का कोनी?" नाना म्हणत, पाखराचा प्रश्न नाही, भावाच्या खोटेपणाचा आहे. मेलेला पक्षी जिवंत सांगतो! वच्छलाबाई कपाळाला हात लावून चुलीकडे वळत.

कानबाई आठवड्यावर आली तेव्हा नानांच्या मनानं घेतलं की याचा पुरावाच समोर ठेवायचा. पडीत पट्ट्यावर जाऊन रिकामे खळगे शोधायचे आणि दिपमाला आली की तिला दाखवायचे. सकाळी ते तिकडे गेले, बोरीच्या झुडपाशी बसले. पावसानं उघडीप दिली होती, मुरूम चमकत होता.

आणि डोंबारी उठला.

तोच तो. पंख थरथरवत वर, वर, पंख मिटून खाली, वळण, पुन्हा वर. सगळा खेळ जसाच्या तसा. फक्त आवाज नाही. खाली सुटतो, पण शीळ नाही. नाना आधी आनंदानं उभेच राहिले, मग हळूहळू खाली बसले. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, किंवा त्यांना तसं वाटलं: औषधानं पक्षी मेला नव्हता, औषधानं तो मुका झाला होता.

घरी येऊन त्यांनी हे वच्छलाबाईंना सांगितलं. सुपडू खोटं बोलला नाही, हे नानांनी मान्य केलं. पण त्यानं जे केलं ते मारण्याहून वाईट होतं, गाणाऱ्याचा गळाच घेतला होता. वच्छलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाचा गोळा हातात तसाच धरून नवऱ्याकडे पाहिलं.

सुपडूची मुलगी दिपमाला धुळ्याहून कानबाईसाठी आली. घरातल्या भांडणाशी आपल्याला देणंघेणं नाही अशा थाटात ती थेट नानांकडे गेली, पाया पडली. नानांनी तिला सगळं सांगितलं. मुका पक्षी असतो का, असं तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "चाला नाना, दखाडा."

दोघं पट्ट्यावर गेली. वाटेत तिच्या ओढणीला कुसळं लागली होती, ती काढायला ती पडीताकडे पाठ करून उभी राहिली. नाना बोट वर करून आभाळाकडे बघत होते. डोंबारी चढत होता. आता सुटेल, आता सुटेल, आणि बघ पोरी, एक अक्षर बोलणार नाही. तो सुटला.

दिपमालाची बोटं कुसळांत होती. मान न उचलता ती म्हणाली, "उना, नाना."

नानांनी बोट खाली घेतलं. "तू दखं का तेले?"

"नही," ती सहज बोलून गेली, आणि बोलल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. तिचे हात थांबले. ती वळून काही सांगणार, तेवढ्यात नानांनी तिला खांद्याला धरून पुन्हा पाठमोरं उभं केलं.

"वर दखू नको. जव्हय तो बोलस, तव्हय हात वर कर."

यंत्राचा बिघाड शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो स्वतःच्या बिघाडालाही तसाच सामोरा गेला. डोंबारी पुन्हा चढला. नाना एकदा त्याच्याकडे, एकदा पोरीच्या हाताकडे बघत राहिले. तो खाली सुटला, तिचा हात वर गेला. तो वर चढला, हात खाली आला. तो सुटला, हात वर. पोरगी रडत होती आणि हात वर करत होती. नानांच्या कानांत वाऱ्याची भणभण सोडून काही नव्हतं.

मग ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, की बारीक आवाज आधी जातात, बाकीचे हळूहळू, आणि त्यामुळे माणसाला लवकर कळतही नाही. नानांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मग ते जे बोलले, त्यावरून माणूस ओळखावा.

"म्हंजे तो गास," नाना म्हणाले. "बरा शे तो."

आपले कान गेले याचं दुःख त्यांना झालं नसेल असं कुणी समजू नये. पण ते दुसरं आलं. पहिला आला तो पक्षी गातो आहे याचा आनंद.

शनिवारी, कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, सुपडूच्या घरी ओसरीवर सूप मांडलेलं, शेजारी गव्हाची गोणी. भाऊबंद येऊन बसलेले. थोरल्याशिवाय पहिली मूठ कोण घालणार, म्हणून सगळे नुसते बसून होते. एकदोघांनी सुपडूला तूच घाल म्हटलं, तो ऐकेना. तेवढ्यात नाना दारात आले. मागे वच्छलाबाई. ओसरी एकदम चिडीचूप झाली. नानांना अर्थात त्या शांततेचाही पत्ता नव्हता. ते आपल्या नेहमीच्या आवाजात बोलले आणि ते चार घरांपलीकडे ऐकू गेलं.

"डोंबारी जित्ता शे, गाई बी राहिना. मन्हा कान गयात. सुपडू, तू खरा व्हता, मी खोटा पडनू."

भरल्या भाऊबंदांत, थोरल्या माणसानं, पाखराच्या गोष्टीवरून! कुणी हसलं नाही. सुपडू उठून उभा राहिला, काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून तो गव्हाच्या गोणीचं तोंड पुन्हा पुन्हा बांधत-सोडत राहिला. नाना सुपाशी बसले. पण मूठ भरली नाही. मनात राहिलेलं त्यांना बोलायचंच होतं.

"पन एक गोष्ट माले लागनी. मी थोरला, मी रागे भरनू. तू धाकला. आखाजीपासून तू माले एकदा बी हाक मारी नही."

सुपडू जवळ आला. गुडघ्यावर बसला, भावाच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून म्हणाला, "रोज मारी, नाना. रोज बांधवर उभा राहीसन हाक मारी. तू वळनाच नही. माले वाटनं, तुले मन्हं तोंड दखानं नही."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. इतके दिवस त्या बांधावर एक माणूस उभा राहून आपल्याला हाका मारत होता आणि आपण पाठ करून निंदत होतो, हे डोक्यात शिरायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी सुपडूची मानगूट धरली, लहानपणी धरत तशी.

"मंग ढेकूळ फेकानं व्हतं ना, बावळा!"

सुपडू हसता हसता रडायला लागला. नानांनी पहिली मूठ सुपात घातली.

आता शेतात दोघांचं काम बांधाच्या दोन अंगांना चालतं. अधूनमधून पलीकडून एक ढेकूळ येऊन नानांच्या पायाशी फुटतं, ते मान वर करतात, आणि वर डोंबारी सुटलेला असतो. नाना शेवटपर्यंत बघतात. मग सुपडूवर खेकसतात, "दखीसन फेक! आठे तेस्नं घर शे!" सुपडू तिकडून काहीतरी उत्तर देतो. ते काही नानांना कळत नाही. सुपडू हात हलवताना दिसतो, म्हणून तेही हात हलवतात आणि पुन्हा कामाला वाकतात.